सभासद, शिलेदार आणि बारगीर

अहमदनगर जिल्ह्याच्या (शासनदरबारी आता अहिल्यानगरच्या) सार्वजनिक जीवनावर गेल्या पाऊणशे वर्षांत दोन शब्दांनी राज्य केले. पहिला शब्द 'सभासद' आणि दुसरा 'सैनिक'. पहिला साखर कारखान्याच्या शेअर-दाखल्यावर छापलेला असतो, दुसरा गावाच्या वेशीवर शाखेच्या फलकावर रंगवलेला. एकाच घरात वडील कारखान्याचे सभासद आणि मुलगा शिवसैनिक, हे चित्र आमच्या भागात कोणाला नवे वाटत नाही. हे दोन शब्द माणसाला संस्थेशी दोन निराळ्या नात्यांनी बांधतात. त्या नात्यांतला फरक नीट उलगडला, तर उजवे लोकानुनयी पक्ष आपली बांधणी कशी करतात आणि त्या बांधणीत सामान्य कार्यकर्त्याचे स्थान नेमके काय असते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती येते, असे आम्हांस वाटते.

प्रथम 'लोकानुनयी' हा शब्द आम्ही कोणत्या अर्थाने वापरत आहोत ते सांगितले पाहिजे. लोकांना खूश करणारा तो लोकानुनयी, एवढाच अर्थ घेतला तर कोणताही पक्ष त्यातून सुटणार नाही. आम्हांला अभिप्रेत असलेला अर्थ थोडा अधिक काटेकोर आहे. 'लोक' हे एकसंध आहेत, त्यांचे हित एक आहे, त्यांचा आवाज एक आहे, आणि तो आवाज एका नेत्याच्या मुखातून उमटतो, असे जो पक्ष मानतो तो लोकानुनयी. त्या 'लोकां'च्या व्याख्येतून धर्म, भाषा वा प्रांत यांच्या आधारे कोणाला तरी बाहेर ठेवले, की तो उजवा लोकानुनयी पक्ष झाला. अशा पक्षांविषयी एक समज दृढ आहे, की ते केवळ सभा, भाषणे आणि प्रसिद्धी यांवर चालतात. त्यांना संघटना नसते, केवळ गर्दी असते. आमच्या जिल्ह्याचा अनुभव या समजाच्या नेमका उलट आहे.

सुरुवात सभासदापासून करू. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर प्रवरा, गोदावरी आणि मुळा यांच्या पाण्यावर या जिल्ह्याच्या उत्तरेत कारखान्यांची रांगच उभी राहिली. या कारखान्यांनी शेतकऱ्याला पैसा दिला हे सर्वज्ञात आहे. त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट दिली, तिच्याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. त्यांनी त्याला एक दर्जा दिला. सभासदाचे नाव नोंदवहीत असते. शेअर कितीही असोत, मत एकच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षाला उसाच्या भावाबद्दल खडसावण्याचा हक्क दोन एकरवाल्यालाही असतो. हा हक्क बजावणारे किती, आणि बजावल्यावर माइक बंद होण्याचे प्रसंग किती, हा भाग वेगळा. हक्क कागदावर आहे, आणि कागद घेऊन न्यायालयात जाता येते.

परंतु या व्यवस्थेच्या दोन मर्यादा होत्या. सभासद होण्यासाठी ऊस लागतो, उसासाठी पाणी लागते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हे तालुके अवर्षणप्रवण. पाथर्डीचा माणूस उत्तरेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जाई तो ऊस लावायला नव्हे, तोडायला. खुद्द नगर शहरातला हातगाडीवाला, छोटा दुकानदार, कारखान्यांच्या राजकारणात कोठेच बसत नव्हता. ही झाली पहिली मर्यादा. दुसरी अशी, की जेथे सभासदत्व होते तेथेही एका पिढीनंतर सत्ता ठरावीक घराण्यांत स्थिरावली. कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था आणि आमदारकी ही एकाच वाड्यातली निरनिराळी दालने झाली. सभासदाचे मत शिल्लक राहिले, पर्याय मात्र उरला नाही. वाड्याबाहेरच्या तरुणाला राजकारणात शिरायचे, तर दार कोणते?

हे दार मुंबईहून आले. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेचा पहिला अवतार मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा प्रश्न घेऊन लढणाऱ्या संघटनेचा होता. 'मार्मिक' साप्ताहिकातून तयार झालेल्या असंतोषाला तिने घर दिले, आणि त्या घराचे नाव शाखा. शाखेची कल्पना साधी होती. वस्तीत एक खोली, दारावर फलक, आत शिवछत्रपतींची प्रतिमा, संध्याकाळी ठरावीक वेळी बसणारा शाखाप्रमुख, आणि दाराशी तक्रार घेऊन आलेली माणसे. नळाला पाणी नाही, मुलाला प्रवेश मिळत नाही, भाडेकरूचा तंटा आहे, रात्री रुग्णवाहिका हवी आहे, या सर्व गोष्टी तेथे येत. ऐंशी टक्के समाजकारण आणि वीस टक्के राजकारण हे सेनेचे ब्रीद पुढे थट्टेचा विषय झाले, तरी शाखेच्या पातळीवर ते बऱ्याच अंशी खरे होते. मेरी कॅट्झेन्स्टाइन, दीपंकर गुप्ता, थॉमस ब्लॉम हॅन्सन अशा अभ्यासकांनी मुंबईतल्या सेनेवर जे लिहिले, त्यात भाषणांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या दैनंदिन जाळ्याला मिळाले आहे.

या जाळ्याची रचना उतरत्या क्रमाची होती. वर शिवसेनाप्रमुख, त्याखाली नेते आणि उपनेते, मग मुंबईत विभागप्रमुख, शाखाप्रमुख, गटप्रमुख. ग्रामीण भागात संपर्कप्रमुख, जिल्हाप्रमुख, तालुकाप्रमुख, शाखाप्रमुख. यातल्या प्रत्येक पदाची नेमणूक वरून होई. निवडणूक हा प्रकार नव्हता, आणि नसल्याची खंतही नव्हती. उलट लोकशाहीपेक्षा शिवशाही बरी, ही भाषा व्यासपीठावरून उघडपणे बोलली जाई आणि टाळ्या घेई. काँग्रेसमधील गटबाजी पाहून विटलेल्या तरुणाला ही आज्ञेची रचना स्वच्छ वाटे. येथे मत द्यायचे नाही, काम करायचे आहे. ठराव मांडायचा नाही, धावून जायचे आहे. सभासदाला वर्षातून एकदा सभेची नोटीस येते. सैनिकाला रोज बोलावणे येते.

१९८५ मध्ये मुंबई महापालिका हाती आल्यावर सेनेने उर्वरित महाराष्ट्राकडे मोर्चा वळवला. तोपर्यंत तिचा मूळ प्रश्न बदललेला होता. नगरमध्ये परप्रांतीयांनी बळकावलेल्या नोकऱ्या हा विषय नव्हताच. येथे जी सेना आली ती हिंदुत्वाची सेना होती. अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास वसवलेल्या या शहरात, जेथे निजामशाहीच्या इमारती आणि विशाल गणपती एकाच पेठेच्या परिघात नांदतात आणि मोहरमच्या मिरवणुकीला हिंदू घरांतूनही माणसे जात आली, तेथे 'आपण' आणि 'ते' अशी विभागणी करण्यास सेनेला एक सोपे साधन मिळाले. ते म्हणजे शहराचे नाव. सेनेच्या तोंडी पुष्कळ वर्षे 'अंबिकानगर' हे नाव होते. या मागणीची संघटनात्मक बाजू आम्हांला महत्त्वाची वाटते. ज्याला पक्षात मत नाही, पद नाही, तोही फलकावर ते नाव रंगवून, पत्रिकेवर छापून, बोलताना आवर्जून उच्चारून पक्षाच्या कामात सहभागी होतो. खर्च काही नाही, आणि आपण इतिहास दुरुस्त करीत आहोत अशी भावना मात्र पुरेपूर. ज्यांना या नावातून बाहेर ठेवले गेले, त्या शेजाऱ्यांना काय वाटले असेल हे विचारण्याची सोय त्या रचनेत नव्हती. असा प्रश्न विचारायला सभा लागते, आणि सभा होती ती ऐकण्यासाठी.

तरीही केवळ नामांतराच्या घोषणेवर कोणी पाच वेळा निवडून येत नाही. नगर शहराने अनिल राठोड यांना १९९० पासून २००९ पर्यंतच्या पाच विधानसभा निवडणुकांत सलग निवडून दिले. त्यांच्यामागे साखर कारखाना नव्हता की शिक्षणसंस्थांचे जाळे नव्हते. हाकेला धावून येणारा, फोन उचलणारा आमदार ही त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती त्यांच्या विरोधकांनीही नाकारली नाही. २०१४ आणि २०१९ मध्ये ते पराभूत झाले. ५ ऑगस्ट २०२० रोजी त्यांचे निधन झाले. ज्या जिल्ह्यात आमदारकी बहुधा वाड्यातून वाड्यात जाते, तेथे एका अशा माणसाने सुमारे पाव शतक शहराचे प्रतिनिधित्व केले, हे सेनेच्या रचनेचे खरे यश होते. राज्याच्या पातळीवर छगन भुजबळ, नारायण राणे, एकनाथ शिंदे ही नावेही हेच सांगतात. ज्यांच्याकडे ना जमीन ना घराणे, त्यांना या रचनेने वर नेले. सेनेवर टीका करणाऱ्या पुष्कळ पुरोगाम्यांना ही गोष्ट मान्य करणे जड जाते. पण ती वस्तुस्थिती आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढचा प्रश्न नीट विचारता येत नाही.

पुढचा प्रश्न असा, की ज्याने वर नेले त्याने खाली आणले तर काय? येथे आम्ही एका जुन्या शब्दद्वयाचा आधार घेऊ. शिवकालीन घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला बखरींतून ठाऊक असते. शिलेदाराचे घोडे आणि हत्यार स्वतःचे. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. शिवाजी महाराजांचा कल पागेकडे, म्हणजे बारगिरांकडे अधिक होता, हे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून दिसते. कारण उघड आहे. शिलेदार रुसला तर घोड्यासह निघून जातो. बारगीर रुसला तर पायी जातो.

सेनेची मूळ बांधणी बारगिरांची होती. पद, ओळख, गाडीवरचा झेंडा, पोलीस ठाण्यात मिळणारा मान हे सगळे वरून दिलेले, आणि म्हणून वरून काढून घेता येण्याजोगे. सामान्य सैनिकाची निष्ठा खरी होती, तिच्यावर आम्ही शंका घेत नाही. पण त्या निष्ठेला नाराजी व्यक्त करण्याची वाट ठेवलेली नव्हती. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडले होते, की संस्था बिघडू लागली की माणसासमोर दोन वाटा असतात, आवाज उठवणे किंवा निघून जाणे; निष्ठा ही दुसरी वाट काही काळ रोखून धरते. जेथे आवाजाची वाट मुळातच बुजवलेली आहे, तेथे निष्ठेचा बांध फुटला की थेट प्रस्थानच होते. १९९१ मध्ये भुजबळ, २००५ मध्ये राणे, पाठोपाठ राज ठाकरे, २०२२ मध्ये शिंदे. प्रत्येक वेळी कारणे निरनिराळी सांगितली गेली. प्रकार एकच होता.

आमच्या जिल्ह्यात याचे लहान आकाराचे उदाहरण शिर्डी लोकसभा मतदारसंघाने दिले. २००९ मध्ये सेनेचे भाऊसाहेब वाकचौरे यांनी रामदास आठवले यांचा पराभव केला. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी वाकचौरे काँग्रेसमध्ये गेले. मतदान जवळ आले असताना सेनेने पूर्वी भाजपचे आमदार राहिलेल्या सदाशिव लोखंडे यांना उमेदवारी दिली, आणि ते निवडून आले. २०१९ मध्ये पुन्हा आले. २०२२ मध्ये लोखंडे शिंदे यांच्या बाजूस गेले. मधल्या काळात इतरत्र फिरून आलेले वाकचौरे २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून उभे राहिले आणि त्यांनी लोखंडे यांनाच हरवले. या पंधरा वर्षांत भिंती रंगवणारे, चिठ्ठ्या वाटणारे, मतदान केंद्रावर दिवसभर बसणारे सैनिक बव्हंशी तेच होते. उमेदवार कोण, हे त्यांना एकदाही कोणी विचारले नाही. ज्याला पाडण्यासाठी ते काल घरोघर हिंडले, त्यालाच निवडून आणण्यासाठी आज हिंडले. हे करून दाखवण्याची त्यांची ताकद थक्क करणारी आहे. त्या ताकदीवर त्यांचा स्वतःचा ताबा नाही, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

हे केवळ आपल्याकडे घडते असे मात्र नाही. नेदरलँड्समध्ये खेर्ट विल्डर्स यांनी २००६ मध्ये काढलेल्या पक्षात औपचारिक सभासद म्हणजे स्वतः विल्डर्स आणि त्यांचीच एक संस्था. बाकी सगळे निवडून आलेले प्रतिनिधी आणि मतदार. तेथे शाखाही नाही आणि सैनिकही नाही. इटलीतील लेगा नोर्दची पद्धत आमच्या अनुभवाला जवळची. गावोगाव शाखा, मेळावे, पत्रके वाटणारे कार्यकर्ते, आणि सभासदांचे दोन वर्ग: नुसता पाठीराखा, ज्याला मत नाही, आणि काम करून पात्र ठरलेला कार्यकर्ता, ज्याला मत आहे. म्हणजे उजव्या लोकानुनयी पक्षाला संघटना नकोच असते असे नव्हे. कित्येकांना ती हवी असते, जुन्या पक्षांहून अधिक हवी असते. प्रश्न असतो तो संघटनेत शिरलेल्या माणसाला किती बोलू द्यायचे हा.

भारतीय जनता पक्षाची तऱ्हा याहून वेगळी आहे, आणि दोघांना एका मापाने मोजणे चुकीचे होईल. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाच्या घटनेत सभासद नोंदणी आहे, मुदतबंद पदे आहेत, निवडणुकांची तरतूदही आहे. प्रत्यक्षात बहुतेक पदे 'एकमताने' भरली जातात. पाठीशी संघाची शाखा आहे, संघटनमंत्री आहे. आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर कोपरगावचे सूर्यभान वहाडणे यांच्यासारखा शेतकरी कार्यकर्ता १९९० च्या दशकात पक्षाचा प्रदेशाध्यक्ष झाला. वसंतराव भागवतांनी घडवलेल्या माळी-धनगर-वंजारी समीकरणाने दक्षिणेतल्या त्या अवर्षणी तालुक्यांत, म्हणजे जेथे सहकाराचे सभासदत्व पोहोचलेच नव्हते तेथे, पक्षाला मुळे दिली. ऊसतोडणी कामगारांचे नेते म्हणून गोपीनाथ मुंडे यांना पाथर्डीने जे प्रेम दिले त्याचे स्पष्टीकरण येथे आहे. नंतर पद्धत बदलली. २०१४-१५ च्या मोहिमेत मिस्ड कॉल देऊन सभासद होता येऊ लागले, आणि पक्षाने १० कोटींहून अधिक सभासदांचा दावा केला. मतदान केंद्र, त्याची यादी, यादीच्या एकेका पानासाठी नेमलेला पन्नाप्रमुख अशी बारीक विभागणी झाली. सेनेकडे माणसे होती पण नोंदवही नव्हती. येथे नोंदवही प्रचंड आहे. पण त्या नोंदवहीतल्या नावाला कारखान्याच्या सभासदासारखा जाब विचारण्याचा हक्क व्यवहारात कितपत आहे, हे पाथर्डीच्या एखाद्या पन्नाप्रमुखालाच विचारावे. त्याला पानावरची सगळी घरे पाठ असतात. उमेदवाराचे नाव त्याला दूरचित्रवाणीवरून कळते.

याचा अनुभव जिल्ह्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी पुरेसा घेतला आहे, कारण बारगिरांच्या या पागांत पुढे शिलेदार येऊ लागले. बाळासाहेब विखे पाटील शिवसेनेच्या तिकिटावर १९९८ मध्ये अहमदनगरमधून आणि १९९९ मध्ये कोपरगावातून लोकसभेवर गेले आणि केंद्रात मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील राज्यात सेनेचे मंत्री होते. २००४ पर्यंत हे घराणे पुन्हा काँग्रेसमध्ये आले, आणि २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले. बबनराव पाचपुते २०१४ मध्ये भाजपवासी झाले, मधुकर पिचड २०१९ मध्ये. नेवाशाचे शंकरराव गडाख २०१९ मध्ये स्वतंत्रपणे निवडून आले, मंत्री झाले आणि पुढे सेनेत आले. यांतल्या बहुतेकांपाशी स्वतःचा घोडा होता: कारखाना, संस्था, हजारो सभासद. ते आले तसे जाऊ शकत होते, आणि म्हणूनच त्यांना विचारले जात होते. जो स्वतःच्या घोड्यावर येतो त्याला उमेदवारी. जो पागेत वाढला त्याला सतरंजी. जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याशी बोला, पक्ष कोणताही असो, हे गाऱ्हाणे ऐकू येते. पारनेरचे नीलेश लंके पूर्वी सेनेचे तालुकाप्रमुख होते. पक्षातून बाहेर पडावे लागल्यावर २०१९ मध्ये त्यांनी राष्ट्रवादीच्या तिकिटावर सेनेच्याच विजय औटींना हरवले आणि २०२४ मध्ये सुजय विखे पाटील यांना. बारगिराने स्वतःचा घोडा मिळवल्याचे हे विरळ उदाहरण. पण तो मिळवण्यासाठी त्याला पागेबाहेर पडावे लागले.

डिसेंबर २०१८ ची नगर महापालिकेची निवडणूकही या संदर्भात आठवावी. ६८ पैकी २४ जागा मिळवून सेना सर्वांत मोठा पक्ष ठरली, राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४. महापौर मात्र राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्याने भाजपचा झाला. राष्ट्रवादीने पुढे त्या १८ जणांना पक्षातून काढले. सेनेच्या आणि राष्ट्रवादीच्या, दोन्हीकडच्या सामान्य कार्यकर्त्यांना ही उलथापालथ इतर नगरकरांइतकीच वर्तमानपत्रातून कळली असेल. म्हणजे हा रोग उजव्यांपुरताच आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

२०२२ च्या जूनमध्ये जे घडले त्याने या सगळ्याला कायद्याच्या भाषेत आणले. सेनेचे ५५ पैकी ४० आमदार शिंदे यांच्याबरोबर गेले, आणि शिवसेना कोणाची हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे आला. उद्धव ठाकरे यांच्या बाजूने कार्यकर्त्यांची प्रतिज्ञापत्रे आणि सभासदत्वाचे अर्ज लाखोंच्या संख्येने सादर केल्याचे सांगण्यात आले. तहसील कचेऱ्यांबाहेर, नोटरीच्या टेबलापुढे शिवसैनिक रांगेत उभे राहिले. ज्या पक्षाने साडेपाच दशके त्यांना मत विचारले नव्हते, त्या पक्षासाठी 'मी सभासद आहे' हे त्यांनी प्रथमच मुद्रांकावर लिहून दिले. दुसऱ्या बाजूनेही आपल्या कागदांचे गठ्ठे मांडले.

आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निकाल दिला. पक्षाची घटना पाहावी, तर आयोगाच्या आग्रहावरून १९९९ मध्ये घटनेत आणलेल्या लोकशाही तरतुदी २०१८ च्या बदलांनी पुसल्या गेल्या होत्या आणि ते बदल आयोगाच्या दप्तरी नव्हते. संघटनेतले बहुमत पाहावे, तर पदाधिकारी मुळात नेमलेलेच. त्यांची मोजदाद समाधानकारक ठरेना. उरले विधिमंडळातले बहुमत. ५५ विजयी आमदारांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मते शिंदे यांच्याकडील ४० जणांची होती. नाव आणि धनुष्यबाण त्यांना मिळाले. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष हे वेगळे आहेत, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, असे बजावले. तरीही १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी १९९९ ची घटना ग्राह्य धरून आणि विधिमंडळातील बहुमत पाहून पुन्हा शिंदे यांचीच सेना खरी ठरवली.

या निकालांच्या बरेवाईटपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. पक्ष कोणाचा हे ठरवण्याची वेळ आली, तेव्हा कायद्याने सैनिकाला शोधले आणि तो सापडला नाही. रस्त्यावर तो होता, शाखेत होता, मोर्चात होता. कागदावर नव्हता. जी रचना नेत्याच्या हाती सर्व सत्ता राहावी म्हणून सैनिकाला मत देत नव्हती, तिच्याच मुळे नेत्याला संकटकाळी सैनिकाचे मत दाखवता आले नाही. शिलेदार गेला तर घोडा घेऊन जातो हे ठाऊक होते. येथे बारगीर सरकारी घोड्यासह गेले, आणि घोडा सरकारी असल्याचा दाखला पागेत कोणी ठेवलेला नव्हता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अंतर्गत निवडणुका असल्या म्हणजे सारे ठीक होते काय? ज्या साखर कारखान्यांचा दाखला आम्ही दिला, त्यांच्या निवडणुका बिनविरोध होतात, अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे जाते. रॉबर्ट मिशेल्स याने १९११ मध्येच जर्मन समाजवाद्यांचे उदाहरण घेऊन दाखवले होते, की अतिशय लोकशाहीवादी पक्षातही सत्ता मूठभरांकडे सरकते. खरे आहे. सभासदाचा हक्क पुष्कळदा नाममात्र असतो. परंतु नाममात्र हक्क आणि हक्काचा अभाव यांत फरक आहे. नाममात्र हक्काला दहा वर्षांनी कोणीतरी जिवंत करू शकतो: वार्षिक सभेत प्रश्न विचारून, निबंधकाकडे तक्रार करून, न्यायालयात जाऊन. जिल्ह्यात असे प्रयत्न झाले आहेत, काही फसले, काही फळले. सैनिकाकडे मात्र प्रेम आणि संताप एवढीच दोन हत्यारे राहतात. प्रेमाने तो राबतो. संताप नेत्यावर काढता येत नाही, म्हणून तो बाहेरच्या कोणावर तरी काढण्याची वाट त्याला दाखवली जाते. उजव्या लोकानुनयी पक्षाला सतत एक शत्रू का लागतो, याची कारणे विचारसरणीत शोधली जातात. काही कारणे या रचनेतही आहेत, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या बाजूने, सभासदत्वाची महती गाणाऱ्या आमच्यासारख्यांनीही एक गोष्ट विसरू नये. रात्री दोन वाजता रक्ताची पिशवी हवी असताना कारखान्याची पोटनियमावली उपयोगी पडत नाही. शाखा उपयोगी पडते. ज्यांनी निवडणुका आणि ठराव सांभाळले ते दारापर्यंत गेले नाहीत. जे दारापर्यंत गेले त्यांनी ठराव होऊ दिले नाहीत. अकोल्या-संगमनेरच्या डाव्या चळवळीने एके काळी या दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहिल्या होत्या. दत्ता देशमुखांसारखी माणसे गावात राबत आणि अधिवेशनात वादही घालत. ती परंपरा क्षीण झाली, पण ती येथलीच होती, कोठून आणलेली नव्हती.

मे २०२३ मध्ये चौंडी येथे जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तीस मान्यता दिली, आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अनेक वर्षे फलकांवर 'अंबिकानगर' रंगवणाऱ्यांना हवे ते नाव मिळाले नाही. ठरले ते वर ठरले, आणि त्यांनी नवे नाव रंगवायला घेतले. ज्या अहिल्याबाईंचे नाव दिले गेले, त्यांची कीर्ती गाऱ्हाणे घेऊन आलेल्या सामान्य रयतेचे स्वतः ऐकून घेणाऱ्या राज्यकर्तीची आहे.

आमच्या वर्गातून दर वर्षी काही मुले निवडणुकीच्या कामाला जातात. कोणी या झेंड्याखाली, कोणी त्या. ती हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि आपल्या गावासाठी काही करावे असे त्यांना मनापासून वाटते. त्यांनी कोणत्या पक्षात जावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र ज्या पक्षात ती जातील तेथे आपले नाव कोणत्या वहीत लिहिले जाते, आणि त्या वहीतल्या नावाला काय विचारता येते, एवढी चौकशी त्यांनी सतरंजी उचलण्यापूर्वी करून घ्यावी.